उतरलेले हात

१२ जानेवारी

ताई,

हे पत्र उघडलंस तर उपकार होतील. मागची दोन तू उघडलीस की नाही, मला कळलं नाही. परत मात्र आली नाहीत, तेव्हा पत्ता बरोबर आहे एवढं धरून चालते. इस्पितळाच्या धुलाईघरात पत्र कोण आणून देतं, तुझ्या हातात पडेपर्यंत ते कोरडं राहतं का, असले प्रश्न मी वहीत लिहून ठेवलेत. वही अजून लिहिते. सकाळचं दूध मोजून झालं, कॅन गाडीवर चढले, की बसते. तू त्याला माझं दळण म्हणायचीस, ते अजून चालू आहे.

बातमी अशी, की आपल्या गावाला पैसे मिळाले. कर्ज नाही, बियाणं नाही, शिलाई मशीन नाही. नुसते पैसे.

एका संस्थेची दोन माणसं आली होती, एक मुलगी आणि एक तिच्याहून लाजरा मुलगा. शाळेच्या ओसरीवर गाव जमलं. मुलगी म्हणाली, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला वर्षात तीन वेळा फोनवर पैसे येतील, बाईला वेगळे, पुरुषाला वेगळे. लोहाराने विचारलं, त्याबद्दल करायचं काय? काही नाही, ती म्हणाली. मग द्यायचं काय? काही नाही. कशावर खर्च करायचे? तुम्हाला वाटेल त्यावर. लोहार अगदी मायेने म्हणाला, "पोरी, घरी कुणी मोठं माणूस नाही का तुझ्या?"

सगळे हसले, तीही हसली. पण घरी जाताना कुणी हसत नव्हतं. फुकटची गोष्ट माणसाला किती घाबरवते, ते मी त्या आठवड्यात पाहिलं. जमिनी जाणार, पोरांना उचलून नेणार, मेल्यावर देह मागणार. आई म्हणाली, जे देतात ते एक दिवस मोजायला येतात. मीही वहीत लिहून ठेवलं, की यातून दारू आणि भांडणं निघतील. ते पान फाडलेलं नाही.

पैसे दुपारी आले. आपल्या गल्लीच्या टोकाला एक फोन वाजला, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. एका घरातून दुसऱ्या घरी विस्तव न्यावा तसा तो आवाज घरोघर आला. आमच्याकडे चारही फोन वाजले आणि आम्ही चौघं एकमेकांकडे न बघता उभे होतो. दादाने आधी दार लावून घेतलं. का, ते त्यालाही सांगता आलं नाही.

दारू झाली, खोटं कशाला लिहू? लोहार दोन दिवस पडून होता. तिसऱ्या दिवशी उठला, तोंड धुतलं आणि नवा भाता घेऊन आला. वरच्या अंगाच्या विधवेने खुर्च्या आणल्या. आम्ही सगळे तिला नावं ठेवत होतो, मग मी तिच्याकडे गेले तर तिने मला खुर्चीवर बसवलं आणि समोरच्या खुर्चीवर स्वतः बसली. म्हणाली, आजवर जो आला त्याच्याशी जमिनीवर बसून, मान वर करूनच बोलले गं. दूध केंद्रावर तर मला रोज नवा चेहरा दिसतो. ज्यांच्या घरून कधी थेंब आला नाही, ती माणसं किटली घेऊन रांगेत असतात. दूध थोडं असतं, पण ते माझ्या मापात ओततात तेव्हा नजर माझ्यावर असते, मापावर नसते. मी भारावून जाणारी बाई नाही, तुला माहीत आहे. पण सध्या रोज काहीतरी बघते आणि माप भरायला विसरते.

एकच पैसा वाया गेला असं सगळ्यांचं मत आहे. धाकट्या काकूने चष्मा घेतला. हो, आपल्या काकूने, जिला स्वतःचं नावसुद्धा वाचता येत नाही. आठवडी बाजारात चष्मेवाल्याच्या गाडीला आरसा टांगलेला असतो. ही सहज डोळ्यांना लावून बघायला गेली आणि आरशातली बाई तिला आवडली. "सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या बाईसारखी दिसते ना?" म्हणून गावभर विचारत फिरते. काकांनी कपाळावर हात मारून घेतला. मी तोंडावर काही बोलले नाही, मनात मात्र बोलले.

आई बरी आहे. तुझी आठवण काढते.

तुझी धाकटी


३ फेब्रुवारी

ताई,

आधी एक दुरुस्ती. आई तुझी आठवण काढते असं मी लिहिलं, ते खरं नाही. अकरा वर्षांत तिने तुझं नाव तोंडातून काढलेलं नाही. पत्राच्या शेवटी काहीतरी गोड असावं म्हणून लिहिलं, आणि पेटीत टाकल्यापासून खात होतं. आता पुढे जे लिहिणार आहे त्यावर तू विश्वास ठेवायला हवास, म्हणून हे आधी.

परवा दुपारी मी दोन दुधांच्या मधल्या वेळेत घरी होते. पुढच्या खोलीत वहिनी गालिच्याच्या मागावर बसली होती. आई उंबऱ्यापाशी लोकर निवडत होती. काकू आली, अर्थात चष्मा लावून. आईने मान वर न करता म्हटलं, "आल्या मोठ्या बाई. नाडी बघा आमची." काकूला त्याचं काही वाटत नाही. ती मागाजवळ उभी राहून वहिनीशी बाजाराच्या गप्पा मारत होती, आणि बोलता बोलता वाकून म्हणाली, "अगं, इथं काळ्याच्या जागी निळा पडलाय."

वहिनीचा हात होता तिथेच थांबला.

आपल्या घरात या वाक्याचा अर्थ काय, तो तुला मी सांगायला नको. लोकरवाल्याने तुझा गालिचा अंगणात उलगडला होता, काठावर बोट ठेवून हेच म्हणाला होता, आणि आईने शेजारपाजारच्या बायकांसमोर म्हटलं होतं, "हिचा हात उतरला." तू बेचाळीसची होतीस. त्याआधी आईचा उतरला होता, आजीचा उतरला होता. गावात कुणाचा चाळीसला उतरतो, कुणाचा पंचेचाळीसला. मग ती बाई उठते आणि लोकर धुते, मेंढ्या बघते, आणि तिच्या जागी सून बसते. बाईचे केस पिकतात तसा गाठी घालणाऱ्या बाईचा हात उतरतो, यावर आपल्यापैकी कुणी कधी वाद घातला नाही. तूही घातला नाहीस. फणी आणि सुरी मागासमोर बसायच्या फळीवर ठेवलीस आणि महिन्याभरात गेलीस.

आई उठून आली. "कुठे?" म्हणाली आणि मान मागे नेऊन बघायला लागली. काकूने बोट ठेवलं. तरी आईला दिसलं नाही, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ती म्हणाली, "तुला बरं दिसलं. तुझा हात उतरून किती वर्षं झाली."

"मी हात कुठे लावलाय?" काकू म्हणाली. "दिसलं म्हणून बोलले."

मग ती वहिनीला सरक म्हणाली आणि बसली. का बसली, ते तिला नंतर सांगता आलं नाही. तिने चुकलेली गाठ सुरीच्या टोकाने उसवली. काळा धागा घेतला, दोन उभ्या धाग्यांना वेढा, आत, बाहेर, ओढ, काप. मग पुढची. आणि पुढची. ताई, तिचा हात चालत होता. माझ्या आठवणीतल्या काकूचा हात. मी लहानपणी तिच्या मागे उभी राहून बघायचे आणि मला तिची बोटं दिसायची नाहीत, तसा. ओळ संपली तेव्हा तिने घाम पुसायला चष्मा काढला आणि मागाकडे बघून म्हणाली, "गेलं."

चष्मा लावला. "आलं."

काढला. "गेलं गं."

दिव्याचं बटण सापडलेल्या पोरासारखी ती कितीतरी वेळा लावत राहिली, काढत राहिली. मग वहिनीने हात पुढे केला. काकूने चष्मा दिला. वहिनीने तो लावून मागाकडे पाहिलं आणि कपाळ उभ्या धाग्यांना टेकवलं. म्हणाली, "मला वाटलं माझी पाळी आली." वर्षभर ती गडद रंगाचं काम फक्त भर दुपारी करत होती. चुकलेल्या गाठी आमचं लक्ष नसताना उसवत होती. कुणालाही न सांगता. एकोणचाळीस वर्षांची आहे ती.

आपल्याला कसं कळलं नाही? मी दोन दिवस हेच लिहिते आहे. कारण आपल्याला लांबचं दिसतं. आई अजून समोरच्या टेकडीवरची मेंढी आपली की परकी, ते सांगते. डोळे असे शाबूत, मग दोष हाताचाच. चाळिशी हा शब्द का आपल्याला ठाऊक नव्हता? पण चाळिशी लागते मास्तरांना, तलाठ्याला. वाचणाऱ्यांना. माझ्या स्वतःच्या नाकावर दोन वर्षं चष्मा आहे. दुधाच्या यंत्रावरचे आकडे दिसेनात म्हणून मी तो घेतला आणि घरी येऊन रोज त्याच मागासमोर जेवले. मला काय म्हणायचं, ते तूच ठरव.

ताई, तुझा हात उतरला नव्हता.

हे वाक्य मी तीनदा खोडलं, कारण मी काही डॉक्टर नाही. पण एक कर. आत्ता हे पत्र तू कसं धरलं आहेस ते बघ. हात लांब करून, खिडकीकडे वळून धरलं असशील, तर मला आणखी पुरावा नको.

यापुढे मोठ्या अक्षरात लिहीन.

तुझी धाकटी


२६ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण गावात जे चाललं आहे ते कुणाला तरी सांगितल्यावाचून माझ्याने राहवत नाही, आणि गावातल्यांना सांगून उपयोग नाही, ते त्यातच आहेत.

दुसऱ्या बाजाराला काकू एकटी गेली नाही. वीस-पंचवीस बायका होत्या. सगळ्या मागावरून उठलेल्या. चष्मेवाला आधी खूश झाला, मग घाबरला. त्याला वाटलं नाटक-बिटक बसवतायत. प्रत्येकीने सोबत लोकरीचे दोन तुकडे नेले होते, एक काळा, एक गडद निळा. चष्मा लावायचा, तुकडे डोळ्यांसमोर धरायचे, वेगळे दिसले तर पैसे. चष्म्याचा नंबर कुणी विचारला नाही. त्याचे जवळचं दिसायचे सगळे चष्मे संपले आणि शेवटच्या दोघी त्याच्याशी भांडून परत आल्या.

काकूला मी म्हटलं, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. ती म्हणाली, "मी तर एकही मागितला नव्हता. मला फक्त छान दिसायचं होतं."

यावर मी फार विचार केला. त्या मुलीने ओसरीवर आम्हाला विचारलं असतं, की तुम्हाला काय हवं ते सांगा, आम्ही तेच आणून देतो, तर? मी दूध थंड करायचं यंत्र सांगितलं असतं. लोहाराने रस्ता. आईने लोकर. गावातल्या एकाही तोंडून चष्मा निघाला नसता, कारण आपल्याला काय झालंय हेच आपल्याला ठाऊक नव्हतं. एका बाईच्या हातात पहिल्यांदा असे पैसे आले, जे उधळले तरी कुणी विचारणार नव्हतं, आणि तिने ते उधळले. तिच्या त्या हौशीवर आज निम्मं गाव पुन्हा मागावर बसलं आहे.

ती संस्थेची मुलगी मधे येऊन गेली, कसं काय चाललंय सगळं म्हणून विचारायला. काकूने तिला बघितलं तशी चष्मा काढून पोलक्यात लपवला आणि पैशाचं काय केलं विचारल्यावर म्हणाली, कोंबड्या घेतल्या. मुलगी कोंबड्या कुठे आहेत विचारेना, म्हणून निभावलं. नंतर मी तिला खरं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, हे मी कसं लिहू? मी म्हटलं, मलाही जमत नाहीये.

दुपारी गावातून चालत गेलं तर प्रत्येक घरातून फणीचा ठोका येतो. पूर्वीही यायचा, पण एका घरातून एक. आता सासू आणि सून एका फळीवर. लोकरवाला येऊन गेला. नेहमीसारखी उधारीवर द्यायला लोकर आणली होती, गालिचा झाला की तो त्याचाच. त्याला पाणी मिळालं, खुर्चीही मिळाली, पण त्याची लोकर कुणी घेतली नाही. आईनेसुद्धा नाही. तिने आपल्या सगळ्या पैशांची लोकर आधीच आणून ठेवली होती. आपल्या मागावर पहिल्यांदा आपला स्वतःचा गालिचा चढला आहे.

सगळं गोड नाही. खालच्या आळीतल्या मावशीने, ती सत्तरीची, चष्मा लावून दोन ओळी घातल्या आणि मग अंगणात जाऊन ओरडायला लागली. कुणावर, ते कळेना. तीस वर्षं, एवढंच म्हणत होती. तिची सून तिला धरायला गेली तर तिला ढकललं. संध्याकाळी शांत झाली आणि मला म्हणाली, माझी आई तर त्या दुःखाने गेली गं, आणि डोळे होते नुसते. मी तिच्याजवळ बसले. मग मला आपली आजी दिसायला लागली, तिची सासू, तिची सासू. किती हात, ताई. चांगले हात. एकेक करून मेंढ्यांमागे पाठवलेले.

आणि आता जे लिहायचं टाळत आले ते. आई चष्मा लावायला तयार नाही. काकूने स्वतःचा तिच्या हातात दिला, तिने तो खाली ठेवला. म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. हात गेला की बायका डोळ्यांवर ढकलतात. वहिनी म्हणाली, एकदा लावून तर बघा. आई उठून गोठ्यात गेली.

ती हट्टी आहे असं आपण नेहमी म्हणतो. मला आता वाटतं ती घाबरली आहे. तिला मागावर दिसलं, तर अकरा वर्षांपूर्वी तिने जे म्हटलं ते खोटं ठरतं. तू गेलीस ते उगाच गेलीस असं होतं. माझा अंदाज चुकीचा असेल. पण तू मागे ठेवून गेलीस त्या पेटीवर ती हल्ली बसत नाही, उभी राहून लोकर गुंडाळते.

सोबत चष्मा पाठवते. नंबर वहिनीच्या चष्म्यापेक्षा जरा जास्तीचा घेतला आहे. काळा आणि निळा असे दोन धागे त्याच डबीत आहेत. बस्स, लावून बघ. ये असं मी म्हणत नाही. म्हणजे, म्हणते आहे.

तुझी धाकटी


२१ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. मी ते केंद्रावर, रांग उभी असताना उघडलं आणि लोहाराच्या किटलीतलं दूध मापाबाहेर सांडलं. तो म्हणाला, सांडू द्या, आता आमच्याकडे आहे.

तीन ओळी. "चष्मा मिळाला. धागे वेगळे दिसले. आई काय म्हणाली?"

तिसरी ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तुझं येणं सगळं तिच्यावर आहे, हे मला समजलं. वहिनी म्हणाली, लिहा ना, आई म्हणाल्या ये म्हणून. दादाही तेच म्हणाला, एवढ्याशा खोट्याने काय होतं? मी एकदा तसं केलं आहे आणि दुरुस्तीही केली आहे. म्हणून त्या दिवशी लिहिलं नाही. लिहायचं असतं तर एवढंच, की आई काही म्हणाली नाही.

मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. तिने "पुन्हा वाच" म्हटलं. मी पुन्हा वाचलं. मग ती म्हशीला पाणी दाखवायला गेली. चार दिवस तसेच गेले.

काल दुपारी मी घरी आले तर आई मागासमोर उभी होती. घरात वहिनी आणि काकू होत्या. दारात पाणी आणायला निघालेल्या शेजारणी थांबल्या होत्या, कारण आईला मागासमोर उभी बघून कुणीही थांबेल. तिने काकूकडे हात केला. काकूने चष्मा काढून दिला. आईला तो नीट लावता येईना, एक काडी कानाच्या वरून गेली, वहिनीने सारखी केली. आणि मग ती बसली.

तिने आधी गाठी घातल्या नाहीत. वहिनीच्या विणकामावरून बोट फिरवत राहिली. मग धागा घेतला. पहिल्या काही गाठी सैल पडल्या. नंतरच्या नाहीत. फार हळू काम, पण ओळ पुरी झाली तेव्हा तिने फणी मारली आणि तो ठोका तिचाच होता. आपण लहान असताना ज्याच्यावर झोपायचो, तो. दारातल्या बायका हलल्या नाहीत. मी अशी शांतता फक्त बाळ जन्मताना पाहिली आहे, ते रडायच्या आधीची.

आई मागाकडे तोंड करूनच बोलली. "माझ्या सासूने मला दंडाला धरून इथून उठवलं. मी रडले नाही. म्हटलं, असंच असतं." आणखी एक गाठ घातली. मग मला म्हणाली, "लिहून घे."

मी वही आणली. तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं देते. एक शब्द माझा नाही.

"तिला लिही, मी तुला लोकांसमोर उठवलं. ये. लोकांसमोर बसवते."

मी विचारलं, आणखी काही? ती म्हणाली, आणखी काय असतं?

तुझी धाकटी


९ एप्रिल

ताई,

तू पुढच्या खोलीत आहेस आणि मी मधल्या खोलीत बसून तुला पत्र लिहिते आहे. हसशील. पण तोंडावर सांगायला गेले तर तू "पुरे गं" म्हणशील, आणि माझं अर्धं राहील. शिवाय कालचं तुला कसं दिसलं ते तुला माहीत, आम्हाला कसं दिसलं ते माहीत नाही.

तू बसमधून उतरलीस तेव्हा दादाने तुला ओळखलं नाही, हे त्याने तुला सांगितलं नसेल. तो तुझ्या मागच्या बाईकडे बघत होता. तुझे हात मात्र मी लांबून ओळखले. धुलाईच्या सोड्याने पांढरे पडले आहेत, सालं निघाली आहेत, तरी ओळखले.

आईने गल्लीला निरोप दिला नव्हता. द्यावा लागला नाही. घरात पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून माणसं अंगणात होती, खिडकीशी होती. संध्याकाळच्या दुधाची वेळ झालेली, निम्म्यांच्या हातात किटल्या. तू दारातून आत आलीस आणि आई फळीवरून उठली. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. तिने फळी हाताने पुसली. मग तुझ्या दंडाला धरलं. मी श्वास रोखला, कारण दंडाला धरणं म्हणजे काय ते मी तिच्या तोंडून ऐकलं होतं, तू फक्त वाचलं होतंस. आणि तिने तुला खाली बसवलं. सगळ्यांकडे बघून म्हणाली, "ही माझी थोरली. हिचा हात चांगला आहे."

तू तेव्हा खाली मान घातली होतीस. म्हणून तुला दिसलं नाही, की काकू, जी कुठल्याही प्रसंगी बोलते, ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

तू चष्मा लावलास. मागाला हात लावायच्या आधी स्वतःचे दोन्ही हात समोर धरलेस, उलटे केलेस, बघितलेस. सावकाश, जणू दुसऱ्या कुणाचे तरी असावेत. मग ओळींवर बोट नेलंस. नेता नेता एका जागी थांबलीस.

"ही ओळ कुणी घातली?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

"मी," आई म्हणाली. ताई, बहात्तर वर्षांच्या बाईचा तो आवाज, मास्तरांनी पाटी बघायला मागितल्यावर निघतो तसा.

"सैल आहे," तू म्हणालीस. "उसव."

खिडकीतला लोहार सांगतो, त्याला वाटलं आता झालं, बाई परत जाते. मीही दुसरं काही धरून चालले नव्हते. आईने तुझ्याकडे पाहिलं. मग ती तुझ्या शेजारी फळीवर बसली, काकूकडून चष्मा घेतला, सुरी घेतली आणि उसवायला लागली. एकेक गाठ. तू तिच्याकडे बघितलं नाहीस. ती उसवत गेली, तशी तू मागून नव्या घालत गेलीस. मधेच तू काहीतरी पुटपुटलीस आणि आई हसली. काय म्हणालीस, ते कुणालाच ऐकू आलं नाही, आणि मी विचारणारही नाही.

काल संध्याकाळी केंद्र उशिरा उघडलं. अंगणातून कुणी हलेना, मीसुद्धा. मी तिथे उभी राहून काय विचार करत होते ते लिहायला आज बसले होते, पण जमत नाही. एवढंच सांगते, की पैशाने काय येतं नि काय येत नाही यावर माझ्या वहीत बरीच पानं आहेत, शहाणपणाची. ती मी काल वाचून पाहिली. माझी नव्हतीच जणू.

सकाळी वहिनीने तुला विचारलं, रजा किती दिवसांची आहे? मी मधल्या खोलीत थांबले, पीठ मळायचं थांबवून. तू उठलीस, मागाच्या उरलेल्या उभ्या धाग्यांवर वीत टेकवलीस, एक, दोन, वरपर्यंत मोजत गेलीस. मग कोपऱ्यातली लोकर उचलून हातात तोलून पाहिलीस आणि दादाला म्हणालीस, "एवढ्यात नाही होणार. काळी कमी पडेल, निळी तर पडेलच."

दादा चहा अर्धा टाकून उठला. मी खिडकीतून बघितलं, तो बाजाराच्या रस्त्याला लागला होता, आणि पळत होता.

तुझी धाकटी